शेजारच्या आजोबांची एल आणि आईचं नाक

मी कामावरून घरी आले तेव्हा आई बाजूच्या कुंपणापाशी उभी होती आणि कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा आमच्या स्टीलच्या वाटीतून काहीतरी मन लावून खात होते. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि आजोबांना मराठी. तरी दोघांचं काहीतरी चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

"काय दिलंस त्यांना?" मी विचारलं.

"त्यांच्याच वेलाची भाजी," आई म्हणाली.

सप्टेंबर होता, म्हणजे इथला वसंत. आई पुण्याहून आमच्याकडे मेलबर्नजवळच्या वेरिबीला आठ-नऊ महिन्यांसाठी आली होती. दिवसभर घरात एकटी असायची, म्हणून मागच्या अंगणातलं प्रत्येक रोप तिने पहिल्याच आठवड्यात तपासून टाकलं. आजोबांच्या बाजूने कुंपणाखालून जांभळट, खरखरीत कोंब आमच्या वाफ्यात घुसले होते. मी ते दरवर्षी तण म्हणून उपटून टाकायचे. आईने एक कोंब खुडला, कुंपणावरून आजोबांना दाखवला आणि घास तोंडाशी नेल्याची खूण करून भुवया उंचावल्या. ते हसून जोरजोरात मान हलवायला लागले. मग तिने मूठभर कोंब खुडले, लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीत परतले, वरून दाण्याचं कूट घातलं आणि पहिली वाटी वेलाच्या मालकाला दिली.

"तुझ्या आईला सांग," आजोबा मला म्हणाले, "माझी आई हे लोण्यात परतायची. लसूण घालायचं आमच्या गावात कुणाला सुचलं नाही."

संध्याकाळी जेवताना माझ्या लेकीने ताटात पाहिलं आणि म्हणाली, "आजी, दॅट्स हॉप्स. इट्स फॉर बिअर."

आईचा हात थांबला. "म्हणजे मी दारूची भाजी केली?"

आईने थोडा विचार केला आणि पुढचा घास घेतला. "कोंबाला काय ठाऊक पुढे त्याचं काय होणार आहे," ती म्हणाली.

तोवर आजोबांशी आमची ओळख हात हलवण्यापुरती होती. आमचं घर जुन्या वेरिबीत आहे. जवळच्या ट्रुगानिनात नवी घरं घेतलेले आमचे मित्र म्हणतात की त्यांच्या गल्लीत सगळे आपलेच. आमच्या गल्लीत मात्र अजून जुने लोक राहतात. आजोबा त्यांतले सगळ्यात जुने. जन्म इंग्लंडच्या केंट भागातला. वडील हॉप्सच्या मळ्यात कामाला होते. आजोबा लहान असतानाच सगळं कुटुंब बोटीने मेलबर्नला आलं. पुढे त्यांनी जन्मभर फिटरचं काम केलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी जिलाँगला. गॅरेजमध्ये गाडीच्या जागी पातेली, पिंपं आणि नळ्या होत्या, कारण आजोबा घरी बिअर करायचे. बिअर म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. ती एल होती, त्यांच्या वडिलांच्या गावात मिळायची तशी.

त्या भाजीनंतर रविवारच्या आरव्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, त्यांनी आम्हाला बोलावलं. आईसाठी सफरचंदाचा रस आणि मला आणि नवऱ्याला एकेक ग्लास. रंग चांगल्या कोऱ्या चहाचा, वर पातळसा फेस. नवऱ्याने घोट घेतला आणि मराठीत पुटपुटला, "अगं, ही तर गार पण नाही. आणि गॅस गेलाय हिचा."

आजोबांना शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. "फ्रिजमधून काढलेली बिअर म्हणजे कान झाकून गाणं ऐकणं," ते म्हणाले. "तळघरात जेवढा गारवा असतो तेवढाच लागतो हिला. नाहीतर हॉप्स बोलत नाहीत."

मी रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. शेड जुळवणं हे माझं काम. पांढऱ्याचे कितीतरी प्रकार वेगळे ओळखायची मला सवय आहे. बिअर मात्र मला कायम एकच वाटत आली होती, कडू आणि थंड. या ग्लासातही पहिल्या घोटाला मला काही सापडलं नाही. दुसऱ्या घोटाला भाजलेल्या पावाची कड लागली. मग गिळून झाल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूला, एक कोरडा कडवटपणा हळूहळू वर आला आणि त्याच्यामागून नाकात कसलातरी फुलासारखा वास. तो कसला हे मला सांगता येईना. ग्लास संपला तरी सांगता येईना, आणि तेच मला घरी आल्यावरही छळत राहिलं.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जायला लागले. प्रश्न विचारले की आजोबा खूश व्हायचे. कुंपणाशी दोन प्रकारचे वेल होते. एकाचं नाव फगल, दुसऱ्याचं गोल्डिंग. दोन्ही जुन्या इंग्लिश जाती. इंग्लंडहून रोप आणायला इथे बंदी, म्हणून उत्तर व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याकडून त्यांनी मुळांचे तुकडे मिळवले होते. आजोबांनी उंच खांबावरून सुतळ्या सोडल्या होत्या. वेल त्यांच्यावरून वर चढत होते, आणि चढताना नेहमी एकाच बाजूने वळसे घेत. आईने एकदा एक शेंडा उलट्या बाजूने गुंडाळून पाहिला. दुसऱ्या दिवशी तो सुटून आपल्या मूळ वळणावर गेला होता. "हट्टी आहे," आई कौतुकाने म्हणाली.

डिसेंबरपर्यंत वेल खांबाच्या टोकाला पोचले. ख्रिसमसच्या आधी आजोबांनी नव्या एलच्या बाटल्या उघडल्या आणि आम्हाला बोलावलं.

माझ्या ओठांशी ग्लास आला आणि मी थबकले. आंबूस वास होता, व्हिनेगरसारखा. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आजोबा आमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी स्वतःच्या ग्लासातून मोठा घोट घेतला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं.

"व्हेरी नाइस," नवरा म्हणाला.

आईने रसाचा ग्लास खाली ठेवला, माझ्या हातातला ग्लास घेतला आणि नाकाशी धरला. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेली माझी आई. तिने लगेच ग्लास परत दिला. "आंबलीय ही," ती म्हणाली. "त्यांना सांग, पोट बिघडेल."

"काय म्हणते ती?" आजोबांनी मला विचारलं.

मी काहीतरी गोड बोलणार होते, पण आई माझ्याकडे रोखून पाहत होती. मी खरं सांगितलं.

आजोबांनी ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हिवाळ्यात मला ताप आला होता. तेव्हापासून मला वास येत नाही. कशाचाच नाही. कडू कळतं, गोड कळतं, आंबटसुद्धा थोडं कळतं. पण हल्ली मला सगळंच तसं लागतं, म्हणून वाटलं दोष माझ्या जिभेचाच असेल." त्यांनी डॉक्टरांना दाखवलं होतं. परत येईल किंवा येणार नाही, एवढंच उत्तर मिळालं होतं. मुलीला त्यांनी सांगितलंच नव्हतं. "आम्हाला तुम्ही सप्टेंबरमध्ये दिलेली चांगली होती," मी म्हणाले. "ती तापाच्या आधीची होती," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही सगळ्या बाटल्या गटारात ओतल्या. आजोबा एकेक उघडून माझ्या हातात देत होते. आई शेजारी उभी राहून प्रत्येक बाटलीचा वास घेत होती, एखादी वाचते का बघायला. एकही वाचली नाही.

घरी येताना आई म्हणाली, "त्यांना विचार, वासच घ्यायचा असेल तर मी घेईन. प्यायला सांगू नका म्हणजे झालं."

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. आजोबा आधी हसले, मग म्हणाले, "तिला म्हणावं, फुलं फेब्रुवारीत तयार होतात. तेव्हा खरी गरज लागेल."

फेब्रुवारीत वेलांना फुलं लगडली. फिकट हिरव्या, कागदासारख्या पाकळ्या एकावर एक बसलेली, अंगठ्याएवढी बोंडं. आजोबांनी एक उलगडून दाखवलं. पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी धूळ होती, परागासारखी. वास आणि कडवटपणा दोन्ही त्या धुळीत असतात. बोंडं कच्ची असताना तोडली तर एलला गवताची चव येते. फार पिकली तर वास लसणाकडे जातो. मधले थोडेच दिवस बरोबर असतात, आणि ते दिवस आजवर आजोबा बोंड हातावर चोळून, हुंगून ठरवत आले होते. बोटांना अंदाज होता, बोंड सुकत चाललं की ते दाबल्यावर कुरकुरतं. पण नुसत्या बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता.

मग रोज सकाळी मी कामावर निघायच्या आधी आम्ही कुंपणाशी जमायला लागलो. आई तळहातावर बोंड चोळायची, डोळे मिटायची आणि बोलायची. मी इंग्रजीत सांगायचे.

"गवत. ओलं गवत," असं पहिले काही दिवस चाललं.

मग एक दिवस फगलचं बोंड चोळून ती म्हणाली, "नागरमोथा."

मी अडकले. नागरमोथ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. शोधून नाव सापडलं, पण ते आजोबांना माहीत नव्हतं. त्या शनिवारी आम्ही डँडेनॉन्गला वाणसामान आणायला गेलो, तेव्हा फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून मी नागरमोथ्याचं पाकीट आणलं आणि उत्साहाने आजोबांपुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही दोघंही हसत सुटलो.

"वास गेला आहे," ते म्हणाले, "पण वासाची आठवण नाही गेली. मला माझ्या ओळखीचं काहीतरी दे."

यानंतर त्या दोघांचं जे सुरू झालं त्यात मी नुसती दुभाषी होते. आजोबा विचारायचे, "तिला विचार, कापलेल्या लाकडासारखा आहे का? ओल्या की वाळलेल्या?" आई म्हणायची, "लाकूड आहे, पण मातीत पडलेलं. आणि खाली पुदिना." आजोबांचा चेहरा उजळायचा. "पुदिना! बरोबर. फगलला पुदिना असतोच." गोल्डिंगच्या बाबतीत आईने फार वेळ घेतला. मग म्हणाली, "सुरंगी." आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, तिने लहानपणी माळले होते. मी ते फूल नुसतं एकदा पाहिलं होतं. मी म्हटलं, अगं, फोड करून सांग. "मध," ती म्हणाली. "उन्हात ठेवलेला मध. आणि संत्र्याच्या सालीचा कडूपणा, अगदी थोडा." मी सांगितलं. आजोबांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत.

गंमत म्हणजे, आईचं ऐकता ऐकता मलाही सापडायला लागलं. सप्टेंबरमधल्या त्या ग्लासातल्या ज्या वासाला मला नाव देता आलं नव्हतं, तो हाच होता, उन्हातला मध. मी ते आईला सांगितलं. "मग तेव्हाच मला विचारायचं," ती म्हणाली.

तोडणी कधी करायची यावर मात्र त्यांची जुंपली. आजोबांच्या बोटांनी सांगितलं की वेळ झाली. शिवाय हवामान खात्याने उत्तरेकडच्या गरम वाऱ्याचा इशारा दिला होता. आई म्हणाली, "गोल्डिंग तोडा. फगल अजून कच्चा आहे, दोन-तीन दिवस थांबा."

"वारा थांबणार नाही," आजोबा म्हणाले.

"कच्चं ते कच्चं," आई म्हणाली.

शेवटी त्यांनी तिचं ऐकलं. आम्ही गोल्डिंग तोडला. आजोबांनी वेल वरून कापून खाली सोडले आणि आम्ही सगळे खुर्च्या टाकून मांडीवर वेल घेऊन बोंडं खुडत बसलो. बोटं चिकट, काळी झाली. आईच्या हातावर खरखरीत देठांनी लाल ओरखडे उठले. आजोबा सांगत होते की त्यांच्या लहानपणी तोडणीच्या दिवसांत लंडनहून बायका-मुलांचे जथेच्या जथे यायचे, मळ्यातल्या झोपड्यांत राहायचे आणि तीच त्यांची वर्षाची सुट्टी असायची. तान्ही मुलं हॉप्सच्या ढिगाशेजारी निजवायचे, कारण त्या वासाने गाढ झोप लागते. आईने हे ऐकलं आणि थोड्या वेळाने खुर्चीतच तिची मान कलली.

दुसऱ्या दिवशी वारा आला. वेरिबीत उत्तरेचा वारा सुटला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. संध्याकाळी आम्ही पाहिलं तेव्हा फगलची बोंडं विटकरी झाली होती, हातात घेतल्यावर चुरा. आईने थोडा चुरा तळहातावर घेऊन पाहिला. मग मला म्हणाली, "त्यांना सांग, माझं चुकलं."

मी सांगितलं. आजोबा म्हणाले, "तिचं नाक चुकलं नाही. ती म्हणाली कच्चा, तो कच्चाच होता. माझे वडील कामाला होते तो अख्खा मळा एकदा गारांनी झोडपला होता. त्यांनी चहा मागवला आणि प्यायला." त्यांनीही चहा केला. तो फारच पांचट होता. आईने तो पूर्ण प्यायला.

गोल्डिंग गॅरेजमध्ये जाळीवर पंख्याखाली वाळवला. मार्चमध्ये एका रविवारी एल केली. आजोबांनी माल्ट गरम पाण्यात भिजवलं आणि आई चमकून म्हणाली, "अरे, हे तर नाचणीसत्त्व!" धान्याला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, हे सगळं तिच्या ओळखीचं निघालं. पाणी उकळल्यावर हॉप्स एकदा सुरुवातीला घातले आणि एकदा शेवटी, आच बंद करताना. का, असं मी विचारलं. पहिले हॉप्स उकळून कडवटपणा देतात, पण त्यांचा वास उडून जातो. वासासाठी शेवटचे. मी हे आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, "कळलं. कढीलिंब फोडणीत आणि कोथिंबीर वरून." मध्येच तिच्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. काय करतेस, असं मावशीने विचारल्यावर आईने पातेल्याकडे पाहिलं. "शेजारी काढा करतायत," ती म्हणाली, "मदत करतेय."

आईचं परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं. त्याच्या आधल्या रविवारी आजोबांनी छोट्या पिंपाचा नळ उघडला. सकाळी त्यांनी वासासाठी आईला दोनदा बोलावून घेतलं होतं, आंबूस आहे का बघायला. नव्हती.

मी घोट घेतला. पावाची कड, मग तो कोरडा कडवटपणा, आणि त्याच्यामागे मध. यावेळी मला सांगता आलं, एकामागून एक, अगदी संत्र्याच्या सालीपर्यंत. नवरा म्हणाला, "यार, ही खरंच छान आहे," आणि दुसरा ग्लास मागितला. गार का नाही, हे त्याने विचारलं नाही. आईने माझा ग्लास घेऊन हुंगला आणि आजोबांकडे पाहून मान हलवली. आजोबांनीही घोट घेतला.

"कडू बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकीचं तुम्ही सांगा."

आईने मराठीत सांगायला सुरुवात केली. मी भाषांतर करणार, तेवढ्यात आजोबांनी हात वर करून मला थांबवलं. "बोलू दे तिला," ते म्हणाले. आई बोलत राहिली. ती एलबद्दल बोलता बोलता वेंगुर्ल्याच्या घराबद्दल, सुरंगीच्या झाडाखाली सकाळी पडणाऱ्या फुलांबद्दल बोलायला लागली होती. आजोबा ग्लास हातात धरून ऐकत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता.

आई पुण्याला परत गेल्यावर हिवाळ्यात एके सकाळी आजोबांनी माझं दार वाजवलं. ते धापा टाकत होते. "कॉफीला रबर जळल्याचा वास येतोय!" ते म्हणाले. मी घाबरून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. कॉफीला कॉफीचाच वास होता. मी तसं सांगितल्यावर ते खुर्चीत बसले आणि हसू लागले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की वास परत येताना पुष्कळदा असा वेडावाकडा येतो. अजून तो सरळ झालेला नाही. कांद्याला त्यांना साबणाचा वास येतो, साबणाला कशाचाच येत नाही. हॉप्सचा कधी येतो, कधी नाही.

या वर्षी नाकाचं काम माझ्याकडे आहे. मी आईइतकी चांगली नाही, आणि आजोबा ते मला स्पष्ट सांगतात. रविवारी आम्ही आईला व्हिडिओ कॉल लावतो. आजोबा कॅमेऱ्यासमोर बोंड धरतात, मी वास सांगते, आणि आई पुण्यात बसून माझे शब्द दुरुस्त करते.